शाळेत गेलेला मुलगा आणि घरी राहिलेली बहीण

दलितांच्या शिक्षणाचा इतिहास लिहायला बसले की आपल्याकडे ठराविक सालांची माळ ओवली जाते. १८४८, १८८२, १९०६, १९१७, १९२४, १९४५. या सालांचे मोल मी कमी लेखत नाही. मी स्वतः त्यांचेच फळ आहे. पण पस्तीस वर्षे शाळामास्तर म्हणून हजेरीपट भरताना एक प्रश्न मला सारखा टोचत राहिला. शाळा उघडली, वसतिगृह निघाले, शिष्यवृत्ती मंजूर झाली, हे सगळे खरे. पण भल्या पहाटे त्या पोराला अंथरुणातून उठवून, त्याचे तोंड धुऊन, धुतलेला सदरा अंगात घालून त्याला शाळेच्या वाटेला कोणी लावले? घरात एकच भाकरी असेल तर ती त्याच्या फडक्यात कोणी बांधली? आणि ती बांधणारी त्या दिवशी काय खाऊन राहिली?

आपल्या इतिहासात संस्था आहेत, ठराव आहेत, पुढारी आहेत. घर नाही. मुलगा शाळेत गेला असे आपण लिहितो. त्याला शाळेत पाठवणे हे एका घराचे रोजचे काम होते, आणि त्या कामाची किंमत बहुतेक वेळा घरातल्या मुलीने मोजली, हे मात्र आपण लिहीत नाही. हा लेख त्या किमतीविषयी आहे.

सुरुवात बाबासाहेबांच्या घरापासूनच करतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायचे ठरवले, आणि ते योग्यच झाले. त्या शाळेतला पोत्याचा तुकडा आपल्या सर्वांना माहीत आहे. लहान भीमराव त्यावर वर्गात वेगळे बसत. झाडलोट करणारा नोकर त्या पोत्याला हात लावीत नसे, म्हणून रोज संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. हे प्रसंग आपण सभांतून शेकडो वेळा सांगितले आहेत.

पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्याच आठवणींत आणखी एक तपशील आहे आणि त्याच्यावरून आपण भरभर पुढे जातो. साताऱ्यात परीट होते, न्हावीही होते. त्यांना पैसे देण्याची या घराची ऐपत होती. वडील लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. तरीही परीट या घरचे कपडे धूत नसे आणि न्हावी या घरच्या पोरांच्या डोक्याला हात लावीत नसे. मग कपडे धुण्याचे काम बहिणींनी केले. भावांचे केस थोरल्या बहिणीने कापले आणि कापता कापता ती त्या कामात तरबेज झाली.

हा तपशील मी गोड कौटुंबिक आठवण म्हणून वाचत नाही. त्यात अस्पृश्यतेचे एक साधे गणित दिसते. गावाने सेवा नाकारली. शाळेने मात्र स्वच्छ कपड्यांचा, विंचरलेल्या डोक्याचा मुलगा मागितला. नकार आणि मागणी यांच्यामध्ये जे काम उरले ते घरातल्या मुलीच्या हातांनी भरून काढले. खिशातल्या पैशाने ते विकत घेता येत नव्हते. म्हणजे अस्पृश्यतेचा भार वर्गात बसलेल्या मुलावर पडला तसाच, कोणी न पाहता, घरात राहिलेल्या बहिणीवरही पडला. पोत्याचा तुकडा इतिहासात आला. बहिणीची कात्री आली नाही.

त्याच आठवणींत पुढे आणखी एक प्रसंग येतो. आई वारलेली. वडील नोकरीसाठी साताऱ्याबाहेर गेलेले. बहिणी लग्न होऊन सासरी गेलेल्या. घरात उरली ती भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि दोन भाचे अशी चार मुले, आणि एक आत्या. आत्या अतिशय मायाळू. पण पायांनी अधू, तिलाच उठवून बसवावे लागे. चौघे शाळेत जात आणि घरी येऊन स्वतःच रांधत. भाकरी-पोळी करणे त्यांना जमत नसे. मग तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करायचा आणि त्यावर दिवस काढायचे. पुलाव ऐकायला शाही वाटतो. पण तो त्या घरात आला तो भाकरी थापणारे हात सासरी गेले म्हणून. घरातली मुलगी गेली की शाळेत जाणाऱ्या मुलांच्या ताटातली भाकरी जाते, इतका स्पष्ट पुरावा मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही.

या पुराव्याच्या उजेडात मागची साले पुन्हा पाहावीत.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि नंतर महार-मांगांच्या मुलामुलींसाठी शाळा चालवल्या. त्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिने धर्माला प्रश्न विचारले हे आपण आवर्जून सांगतो. त्याच निबंधात तिने घरावर छप्पर नसलेल्या, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या महार-मांगांच्या बायांचे हालही लिहिले आहेत. मुलीच्या हाती लेखणी आली आणि तिच्या लेखणीत घर आले. लगेच पुढच्या वर्षी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. तो अर्ज शिक्षणाच्या इतिहासात मैलाचा दगड ठरला. आपल्या पुस्तकांत अर्ज येतो. अर्जदाराचे घर येत नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा अशी मागणी केली. त्या सुमाराचे आकडे बाबासाहेबांनी पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे ठेवले. मुंबई इलाख्यातल्या प्राथमिक शाळांत १८८१-८२ साली अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींची मुले होती २,८६२. म्हणजे शंभरात एकही नाही. या प्रत्येक मुलामागे एक घर होते आणि त्या घराने हजार अडचणींतून एक हात मोकळा केला होता.

हात मोकळा करणे म्हणजे काय हे वतनाचे गाव ज्याने पाहिले त्यालाच कळेल. ज्या घराकडे येसकरकीची पाळी त्या घरातला गडी गावाच्या हाकेला बांधलेला. सांगावा न्यायचा, लाकडे फोडायची, मेलेले ढोर ओढायचे आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. वतन एका माणसाच्या नावावर असले तरी राबायचे सगळ्या घराने. भाकरीच्या फेरीला पोरगे बरोबर लागायचे. ढोर ओढायला बाप गेला तर सरपणाला पोराने जायचे. अशा घरातून एक मुलगा रोज पाच तास काढून शाळेला देणे म्हणजे त्याच्या वाटचे काम दुसऱ्या कोणावर तरी टाकणे होते. १९२८ सालीच बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले, आणि वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. वतनाची चर्चा आपण गुलामगिरी म्हणून करतो, जमीन म्हणून करतो. शाळेत जाणाऱ्या पोराचा वेळ म्हणूनही ती करायला हवी.

छत्रपती शाहू महाराजांनी हा पेच ओळखला होता असे मला वाटते. १९१७ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणारा तो कायदा होता. पण दंडाच्या भीतीने मुलगा शाळेत गेला तर त्याचे काम कोण करील, याचे उत्तर कोणताही कायदा देत नाही. ते उत्तर घरात ठरते, आणि घरात ते बहुधा मुलीच्या नावाने ठरले.

चळवळीने मात्र हा प्रश्न बाईपाशी नेला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे कसे नेसा, अंगावरचे जुने डाग काढा, घर स्वच्छ ठेवा, मुलांना शाळेत घाला आणि मुलींनाही घाला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. तिथेही बाबासाहेबांनी मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असे बजावले. मुलगा आणि मुलगी असे दोन्ही शब्द बाबासाहेबांनी उच्चारले होते. आपण घरी परतताना एकच शब्द घेऊन आलो. हे कबूल करायला जड जाते. पण इतिहास लिहायचा तर कबूल केले पाहिजे.

स्वच्छतेचेही तसेच. गावाने पाणवठा बंद ठेवायचा आणि पोर मळके आले म्हणून शाळेत हिणवायचे, हा दुहेरी मार होता. आपल्या बायांनी तो मैलभरावरून पाणी वाहून परतवला. त्या घागरींचा हिशेब चळवळीच्या कोणत्याही अहवालात नाही.

आता मी माझ्या घराविषयी बोलतो. इतरांच्या घरांचा झाडा घ्यायचा आणि स्वतःच्या घराचे दार लावून घ्यायचे, हे प्रामाणिकपणाचे नाही.

माझे गाव जुन्या बीड जिल्ह्यातले. बा एका बागायतदाराकडे सालगडी होता. आम्ही चार भावंडे. थोरला दादा सातवीत, शेजारच्या गावी पायी जाणारा. त्याच्या पाठची आक्का चौथीत. मी तिसरीत. धाकटा नुकताच पहिलीत बसलेला. साल १९७२. पाऊस गेला, ज्वारी गेली, विहिरींनी तळ दाखवला. दुष्काळी कामे निघाली. माय खडी फोडायला जाऊ लागली. सरकारी मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर घर चालले. माय सुकडी स्वतः खात नसे. पदराला बांधून आणी आणि आमच्या तिघांच्या हातावर सारखी वाटून देई. चौथा हात आक्काचा होता हे मला आज लिहिताना आठवते. तेव्हा तो हात पुढे आल्याचे आठवत नाही.

माय कामावर गेल्यावर घर कोण धरणार? पाणी आणायला अर्धा दिवस जाई. एका रात्री चिमणीच्या उजेडात बोलणे झाले. बा म्हणाला, "थोरल्याला काढू. येईल माझ्यासंगं कामाला." माय त्याच्यावर तुटून पडली. "पोराला हात लावू नगा. बाबासायबानं काय सांगितलंय? लेकरं शिकली पायजेत." मग ती आक्काकडे वळली. आवाज खाली आला. "पोरी, तू घर धर. भाऊ शिकले तं तुला बी सावली हुईल."

आक्का काही बोलली नाही. सकाळी तिची पाटी धाकट्याच्या पिशवीत गेली, कारण त्याची फुटली होती.

माय निरक्षर होती. तिने बाबासाहेबांचे नाव घेऊन थोरल्याची शाळा वाचवली आणि त्याच दमात लेकीची शाळा मोडली. ती दुष्ट नव्हती. तिच्यापुढे दोनच हात होते आणि त्यांतला एक तिला कापायचा होता. तो हात कोणाचा कापायचा हे तिच्या आधी शेकडो वर्षे ठरलेले होते. जातीशी ती झगडली. बाईपणाची जी रीत तिला वारशाने मिळाली होती, तिच्याशी झगडायला तिला कोणी शिकवले नव्हते. आक्का तेव्हा अकरा वर्षांची होती. जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीची मागणी करून नव्वद वर्षे उलटली होती.

आमचा दिवस मग आक्काच्या हातांवर चालू झाला. कोंबडा आरवायच्या आत ती घागर घेऊन निघे. आम्हा तिघांना दोन-दोन कपडे. रात्री धुवायचे, चुलीच्या उबेला वाळवायचे, सकाळी घालायचे. गावचा न्हावी आमची डोकी करीत नसे, म्हणून आक्काने बाच्या जुन्या कात्रीवर हात बसवला. सुरुवातीला आमची डोकी उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत आणि वर्गात हशा पिके. धाकटा रडत घरी येई. आक्का त्याला पुढ्यात घेऊन पुन्हा सारखे करी. महिन्या-दोन महिन्यांत तिचा हात इतका बसला की वस्तीतल्या बाया आपली पोरे तिच्याकडे आणून बसवू लागल्या. साताऱ्याच्या घरातल्या बहिणीची हकिकत मी वाचली ती फार पुढे, मास्तर झाल्यावर. वाचता वाचता पुस्तक मिटून ठेवावे लागले.

संध्याकाळी भांडी घासता घासता ती मला विचारी, "आज काय शिकीवलं रं?" मी पाढे म्हणून दाखवी, कविता म्हणून दाखवी. ती राखेने माखलेल्या बोटाने जमिनीवर अक्षर काढी आणि विचारी, "असंच ना?" कधी मी सांगे. कधी खेळायच्या घाईत म्हणे, "तुला काय करायचंय?" हे वाक्य मला कोणी शिकवले होते? शाळेने नाही. ते घरातल्या हवेतच होते, आणि नऊ वर्षांच्या पोराने ते बरोबर उचलले होते.

तीन वर्षांनी आक्काचे लग्न झाले. ती गेली त्या दिवसापासून आम्ही तिघे भाऊ संध्याकाळी चुलीपाशी बसून मायची वाट पाहायचो. माय कामावरून अंधारात येई आणि आल्या पावली पिठाला हात लावी. साताऱ्याच्या त्या चार मुलांनी निदान पुलाव तरी शिजवला. आम्ही तिघे शाळेत जाणारे, मायच्या भाषेत 'शिकलेली लेकरं', चूल पेटवूनसुद्धा ठेवली नाही. आमच्यापैकी कोणाला ते सुचले नाही, आणि सुचावे असे कोणी सांगितलेही नाही.

१९७८ साली 'बलुतं' आले आणि आमच्या पिढीला जणू आरसा मिळाला. त्यामागून अनेक आत्मकथने आली. शाळेबाहेर बसलेला मुलगा, उपाशी मुलगा, मार खाणारा मुलगा मराठी साहित्यात प्रथमच आपल्या आवाजात बोलला. त्या लेखनाचे ऋण मोठे आहे. पण बायांनी लिहिले तेव्हा घर आतून दिसले. १९८६ साली शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ही पुस्तके आली. शांताबाई स्वतः शिक्षिका होत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बाया शोधून, त्यांच्या तोंडून ऐकून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केले. उर्मिलाताईंच्या 'आयदान'मध्ये (२००३) बांबूची सुपे-टोपल्या विणून मुलांना शिकवणारी आई आहे. पुरुषांच्या लेखनात आई बहुधा सोसणारी मूर्ती होते. या पुस्तकांत ती काम करणारी, चिडणारी, चुकणारी, निर्णय घेणारी बाई आहे. बहीण मात्र अजून फारशी आलेली नाही. जी शाळेत गेली तिने लिहिले. जी घरी राहिली तिने कशाने लिहावे?

कोणी म्हणेल, हे जुने झाले. आता शिक्षण हक्काचा कायदा आहे. २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो लागू आहे. शाळेत दुपारचे शिजवलेले जेवण मिळते. आमच्या वस्तीतल्या मुली आज सायकलवरून हायस्कुलात जातात, आणि ते पाहून माझा ऊर भरून येतो. पण ऊसतोडीच्या हंगामात माझ्या वर्गातून कोण आधी गळत असे, ते माझ्या हजेरीपटाने मला दाखवले आहे. आई-बाप कोयता घेऊन कारखान्याकडे निघाले की धाकट्या भावाला सांभाळायला कोणाला सोबत नेतात, हे मराठवाड्यातल्या मास्तराला सांगावे लागत नाही.

आणि शिकलेल्या घरांचे काय? मला दोन मुलगे झाले. १९९०च्या दशकात तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत ते वाढले. एकाचे नाव मिलिंद, दुसऱ्याचे सिद्धार्थ. आमच्या पिढीने पोरांची नावे अशीच ठेवली. घरात बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, भिंतीवर वेळापत्रक, पहाटे पाचला अभ्यास. त्यांची आई स्वतः नोकरी करीत होती. तरी डबे तीच भरी, गणवेश तीच धुई, आणि मी पोरांना समतेवर निबंध लिहून देई. मुलांना जातीविरुद्ध लढायला शिकवले. जेवलेले ताट उचलून ठेवायला शिकवले नाही. माझ्या मायला निवड नव्हती. मला होती. म्हणून माझी चूक तिच्यापेक्षा मोठी आहे.

आता घरात दोन नातू आहेत, सात आणि दहा वर्षांचे. निवृत्त झाल्यापासून मी स्वतः भाकरी थापायला शिकलो आणि त्यांनाही शेजारी बसवतो. मागल्या दिवाळीच्या सुट्टीत आक्का आली होती. वय साठीच्या पुढे, गुडघे गेलेले. परातीपुढे बसलेल्या पोरांना पाहून ती हसली. "पोरांना भाकर थापाय लावतोस व्हय मास्तर?" मी म्हटले, "आक्का, पन्नास वर्षं उशीर झाला." ती काही बोलली नाही. थोरल्याची भाकरी कडेला फाटत होती. तिने त्याचा हात धरून पीठ कसे मळायचे ते दाखवले. मग धाकट्याने आपली वही आणली आणि तिला म्हणाला, "आजी, तू पण लिही ना." तिने आपले नाव लिहिले. जोडाक्षर काढताना ती थांबली आणि माझ्याकडे पाहून विचारले, "असंच ना?"

असेच, आक्का.

आपल्या संशोधकांना आणि कार्यकर्त्यांना माझे एक सांगणे आहे. गावोगाव अशा बहिणी अजून आहेत. फार दिवस राहणार नाहीत. भाऊ साहेब झाले, प्राध्यापक झाले, त्यांचे सत्कार झाले, गौरवग्रंथ निघाले. ज्या पाटीवरून तो भाऊ शिकला ती कोणाच्या हातातून काढून घेतली होती, हे त्या बहिणींना जाऊन विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कृतज्ञतेच्या चार ओळींनी हे ऋण फिटणार नाही. ते फेडायची जागा आपले स्वयंपाकघर आहे, आणि फेडायचे आहे ते शाळेत जाणाऱ्या मुलग्यांच्या हातांनी. शिक्षण माणसाला स्वतःच्या पायावर उभे करते असे आपण म्हणत आलो. तो पाय कोणाच्या पाठीवर रोवला आहे, हे पाहायलाही शिक्षणानेच शिकवले पाहिजे. ते शिकवले नाही, तर आपला मुलगा शाळेत गेला एवढेच खरे; तो शिकला असे मी म्हणणार नाही.